नादाची दर्शनी बाजू : कीर्तन, चित्रपट आणि संगीत-चित्रफीत

शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींस मिळून ‘संगीत’ ही संज्ञा दिली आहे. हा ग्रंथ तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या आश्रयाने देवगिरीस, म्हणजे मराठवाड्याच्याच भूमीत, सिद्ध झाला. या व्याख्येतील तिसरे अंग कानांचे नसून डोळ्यांचे आहे, ही गोष्ट आपण बहुधा विसरून जातो. विसरण्यास कारणही तसेच घडले. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले, तेव्हापासून आपल्याकडे गाणे गाणाऱ्यापासून सुटे होऊन तबकडीत बसू लागले; पुढे नभोवाणीने ते घरोघर पोचविले. दोन-तीन पिढ्यांस गाणे म्हणजे ऐकावयाची वस्तू, असे वाटू लागले. या दृष्टीने पाहता आज ज्यास सर्वत्र ‘म्युझिक व्हिडिओ’ म्हणतात ती संगीत-चित्रफीत ही मोठी नवलाची गोष्ट नव्हे. तोडलेले अंग पुन्हा जोडण्याचा तो एक प्रयत्न आहे. मात्र जोड कशी बसली, हे प्रत्येक ठिकाणी निराळे पाहावे लागते.

चित्रफितींचे वर्गीकरण करण्याची एक रूढ पद्धत आहे. गायक-वादक गाताना दिसतात ती प्रयोगप्रधान. गाण्याबरोबर एखादी गोष्ट उलगडते ती कथाप्रधान. आणि गोष्ट नाही, गायकही नाही, केवळ प्रतिमांची मालिका आहे ती कल्पनाप्रधान. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात निराळा मार्ग काढला. चित्र गाण्याचा अर्थ केवळ दाखविते, की वाढविते, की त्याच्याशी फटकून वागते, असा प्रश्न त्यांनी विचारला. हे दोन्ही मार्ग उपयुक्त आहेत. पण दोहोंचे लक्ष पडद्यावर काय आहे इकडेच आहे. पडद्यासमोर जो बसला आहे त्याचे काय होते, हा प्रश्न त्यांत मागे पडतो. चित्रफीत प्रेक्षकाला कोठे उभे करते, त्यास कोणती जागा देते, यावरून तिची शैली ओळखावी आणि ती त्यास धरून ठेवते की नाही हेही त्यावरूनच ठरवावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या विचारासाठी हिंगोली जिल्ह्यासारखी दुसरी सोयीची भूमी क्वचितच सापडेल. कारण गाणारा कोणाकडे तोंड करून गातो, हा प्रश्न येथील एका आख्यायिकेच्या मुळाशीच आहे.

आख्यायिका औंढा नागनाथची आहे आणि महाराष्ट्रात ती बहुतेकांस ठाऊक आहे. नामदेव मंदिराच्या दारासमोर कीर्तनास उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांस तेथून उठविले. ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड नामदेवांकडे झाले. नंदी मात्र होता तेथेच राहिला, म्हणून तो आज देवळाच्या पाठीशी दिसतो, असे सांगतात. वास्तुशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने या कथेचे मोल काय, हा निराळा विषय. ती घडविणाऱ्या लोकमनास एक गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि आपल्या विषयास तेवढे पुरे. गाण्याला दिशा असते. पाठीमागे झालेले गाणे पुरेसे नसते, समोरासमोर यावे लागते. आणि ज्यास समोर बसण्याची जागा नाकारली जाते त्याचा प्रश्न हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो.

औंढ्यापासून फार दूर नाही, अशा अंतरावर कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मस्थान म्हणून परंपरा त्याकडे बोट दाखविते. ख्रिश्चन नोवेट्झ्की यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, नामदेवांची स्मृती मुख्यतः पोथीने नव्हे, तर कीर्तनाने टिकविली. हे खरे असेल, तर कीर्तन ही केवळ गाण्याची रीत ठरत नाही. स्मृती साठविण्याचे ते साधन ठरते, आणि आजची चित्रफीत त्याच कामावर नेमलेली नवी उमेदवार ठरते. म्हणून कीर्तनाची मांडणी नीट पाहून घेतली पाहिजे.

वारकरी कीर्तनात कीर्तनकार मध्ये उभा असतो. त्याच्या मागे ओळीने टाळकरी, बाजूस मृदंग, जवळ विणेकरी. समोर श्रोते. कीर्तनकार अभंगाचे चरण घेतो, टाळकरी ध्रुवपद उचलून धरतात, निरूपण पुढे सरकते आणि मध्येच नामाचा गजर होतो, तेव्हा श्रोतेही टाळ्या वाजवून त्यात शिरतात. या रचनेत तीन टोके आहेत : गाणारा, ऐकणारा आणि ज्याला उद्देशून गायिले जाते तो देव. गाणाऱ्याचे तोंड श्रोत्यांकडे असते, पण त्याचे संबोधन पुष्कळदा देवाकडे असते. श्रोता हे संबोधन ऐकतो, आणि गजर होताच स्वतःच संबोधन करणारा होतो. म्हणजे त्यास एक स्थिर जागा नाही. तो कधी समोर असतो, कधी आत. टाळकऱ्यांची रांग ही त्या दोन जागांमधील पायरी होय. ते गाणाऱ्याच्या पक्षाचे असतात आणि तरीही श्रोत्यांसारखेच ऐकत असतात. टाळकऱ्यांकडे सहसा अभ्यासकांचे लक्ष जात नाही. आमच्या मते सारे मर्म त्यांच्यातच आहे.

डोळ्यांनी पाहिलेले कानांत कसे शिरते, याविषयी प्रयोगशाळेत झालेले काही काम येथे सांगणे उचित होईल. मायकेल शुट्झ आणि स्कॉट लिप्सकाँब यांनी २००७ साली मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर प्रयोग केला. वादकाने एकदा लांब झोका देऊन आघात केला, एकदा आखूड. निघालेल्या ध्वनीच्या लांबीत ऐकून कळेल असा फरक नव्हता. परंतु वादक दिसत असताना ऐकणाऱ्यांनी लांब झोक्याचा स्वर लांब आहे, असे सांगितले. डोळ्याने कानाला फसविले असे म्हणण्यापेक्षा डोळ्याने कानाचे ऐकणे पुरे केले, असे म्हणणे अधिक योग्य. मृदंगावरील थापेआधी वर उठलेला हात पाहणाऱ्यास हे सांगावयास प्रयोगशाळा लागत नाही. २०१३ साली चिया-जुंग त्से यांनी याहून खोचक प्रयोग केला. संगीतस्पर्धांतील अंतिम फेरीच्या ध्वनिरहित चित्रफिती पाहणाऱ्यांस खरा विजेता अधिक वेळा ओळखता आला. केवळ ध्वनी ऐकणाऱ्यांस तितका आला नाही, आणि यात कसलेले संगीतज्ञही अपवाद नव्हते. आम्हांस महत्त्वाचे संगीत ऐकू येते तेच, असे हे संगीतज्ञ प्रामाणिकपणे म्हणत होते! भीमसेन जोशी यांनी राम फाटक यांच्या चालीवर गायिलेला नामदेवांचा अभंग ध्वनिमुद्रिकेवर ऐकणे आणि त्यांच्या मैफलीची चित्रफीत पाहणे, यांतील अंतर आता केवळ रसिकतेचा विषय राहिलेले नाही. हातांचे ते ओढणे, खेचणे, झेलणे हा स्वराचाच भाग होय. अशा चित्रफितीत कॅमेऱ्याने फारसे काही करू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

मराठी बोलपट १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने सुरू झाला, आणि अवघ्या चार वर्षांत प्रभात फिल्म कंपनीने ‘संत तुकाराम’ दिला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली निघालेला हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. गाण्याचे चित्रीकरण या आपल्या विषयाचा तो मराठीतील पहिला मोठा धडा आहे. चित्रपटाच्या आरंभीच तुकोबा देवासमोर बसून गाताना दिसतात आणि त्यानंतर सालोमालो तीच रचना आपली म्हणून लोकांसमोर सादर करतो. शब्द तेच, फरक सारा पाहण्यात आहे. तुकोबांच्या मुद्रेत लोकांस काही दाखविण्याची धडपड नाही. सालोमालोचे प्रत्येक हावभाव प्रेक्षकांची दाद मागत फिरतात. दिग्दर्शकांनी येथे न बोलता दोन शैलींची तुलनाच मांडली. एका शैलीत कीर्तनाचा त्रिकोण शाबूत आहे. दुसरीत तिसरे टोक गळून गाणारा आणि टाळ्या वाजविणारा एवढेच उरले आहेत.

तुकोबांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांनी केली आणि गाणीही स्वतःच गायिली. पागनीस हे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले नट होते. संगीत नाटकाची रीत ही उघडउघड समोर पाहून गाण्याची होती. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणून नाटक थांबवीत आणि नट पुन्हा गात असे. एवढ्या दर्शनी परंपरेतून आलेल्या नटाने पडद्यावर प्रेक्षकास विसरल्यासारखे गावे, ही त्या अभिनयाची थोरवी. परिणाम असा झाला की, प्रेक्षक पागनीसांसच तुकाराम मानू लागले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद तर अनेकांनी तुकोबांचाच अभंग समजून स्वीकारले. केशवराव भोळे यांच्या साध्या, भजनी वळणाच्या संगीताचा त्यात वाटा आहेच. पण ते पद ज्या चेहऱ्यातून आले त्या चेहऱ्याचा वाटा त्याहून कमी नाही.

यानंतरचा इतिहास आपण भरभर ओलांडू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि चित्रपटगीते चित्रपटापासून सुटी होऊन ‘छायागीत’सारख्या कार्यक्रमांत घरी दिसू लागली. अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाले. तेथे गाणे आधी होते आणि चित्रफीत त्याच्या विक्रीसाठी निघाली. आपल्याकडे कथा आधी होती आणि गाणे तिच्या पोटात होते. हा भेद लहान नाही. अलिशा चिनॉय यांचे १९९५ चे ‘मेड इन इंडिया’ गाजले, तेव्हा भारतीय प्रेक्षकास एक अनोळखी गोष्ट करावी लागली. मागील कथा नसताना, चार-पाच मिनिटांत राजकन्या, स्वयंवर आणि वर हे सारे जुळवून घ्यावे लागले. कथाप्रधान चित्रफीत ही अशी असते. ती प्रेक्षकास बाजूला उभे करून साक्षी बनविते. त्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्यास कोणी बोलावीत नाही.

मग अशी चित्रफीत लोक पुनःपुन्हा का पाहतात? गोष्ट तर एकदाच कळावयाची असते. याचे उत्तर नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात सापडते. तेथील आख्यान श्रोत्यांस लहानपणापासून पाठ असते; पुढे काय होणार याची उत्कंठा नसतेच. तो प्रसंग कोणत्या पदावर, कोणत्या चालीवर येतो याची वाट पाहण्यात रस असतो. यशस्वी कथाप्रधान चित्रफीतही अशीच असते : तिच्यातील ठरावीक क्षण ठरावीक स्वरावर येतो, आणि पाहणारा त्या क्षणाच्या आधीच तेथे जाऊन थांबलेला असतो. ज्या चित्रफितीत कथा संगीताच्या वळणांकडे न पाहता आपल्या वाटेने जाते ती एकदा पाहून लोक बाजूस ठेवतात. गाणे पार्श्वसंगीत होऊन बसते, ही तिची शिक्षा.

शब्द हेच चित्र झालेली एक तिसरी तऱ्हा आहे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबातून प्रक्षेपित होणाऱ्या कीर्तनात पडद्याच्या तळाशी गायिल्या जाणाऱ्या ओळी अर्थासह दिसत राहतात. रागी गातात, पाहणारा वाचतो. कयाधूकाठच्या शिंप्याचे शब्द सातशे वर्षांनंतर पंजाबात अशा रीतीने डोळ्यांपुढे येतात, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस माहीत असावी म्हणून येथे मुद्दाम नोंदली. अक्षरांच्या चित्रफिती व्यापारी संगीतातही पुष्कळ निघतात आणि त्या स्वस्तात होतात म्हणून निघतात, असे त्यांच्याविषयी तुच्छतेने बोलले जाते. ते बरोबर नाही. ओठांनी पुटपुटत वाचणारा प्रेक्षक हा टाळकऱ्याच्या पहिल्या पायरीवर आलेला असतो.

प्रेक्षकास आत घेणारी शैली अलीकडे मराठीत जोमाने वाढली. ‘सैराट’ (२०१६) मधील ‘झिंगाट’ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. त्याच चित्रपटातील इतर गीतांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत मोठा पाश्चात्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्या गीतांत नागराज मंजुळे यांनी संथ गतीची, विस्तीर्ण दृश्ये योजली आणि तेथे आपण पाहणारेच राहतो. ‘झिंगाट’मध्ये कॅमेरा नाचणाऱ्यांच्या घोळक्यात शिरतो. नाच असा की, तो शिकावा लागत नाही. वरातीत जो कधी नाचला आहे त्यास तो येतोच. म्हणून ते गाणे पडद्यावरून उतरून वरातीत परत गेले. याउलट ‘लय भारी’ (२०१४) मधील माउलीच्या गजराचे गीत घ्या. वारी तेथे आहे, विठ्ठल आहे. पण नायक मध्यभागी आणि भोवती आखीव नृत्यसमूह, ही रचना वारीची नव्हे. अलीकडे वारीवरील चित्रफितींत आकाशातून घेतलेली दृश्ये हटकून येतात. ती सुंदर असतात. मात्र वारीत चालणाऱ्या एकानेही वारी तशी पाहिलेली नसते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

याहून बोलके उदाहरण २०१७ सालचे, सोनूच्या भरवशाविषयीच्या त्या प्रश्नोत्तरी गाण्याचे. एकाने ओळ टाकावी, बाकीच्यांनी ती उचलावी, खोलीत पाच-सहा जण, समोर एक भ्रमणध्वनी, बस्स. महिनाभरात शाळा, कचेऱ्या, कुटुंबे यांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या, आणि मुंबईत नभोवाणी निवेदिका मलिष्का यांनी त्याच चालीवर महानगरपालिकेच्या कारभाराचे विडंबन केले. या चित्रफितींत कलाकुसर शून्य होती. पण रचना टाळकऱ्यांची होती, आणि पाहणाऱ्याने करावयाचे काय हे ती पहिल्याच ओळीत सांगत होती. जिची नक्कल करता येते ती चित्रफीत पाहणाऱ्यास जागा देते; जिची करता येत नाही ती फार तर स्तिमित करते.

आता आपल्या जिल्ह्याकडे. २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि मराठवाड्यातील खेडीही चित्रफिती पाहणारी तशीच त्या काढणारीही झाली. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा या पाचही तालुक्यांत जे लोकसमूह राहतात त्यांचे गाणे आज पडद्यावर आहे. बंजारा तांड्यांच्या गोरबोलीतील गीते आहेत. १४ एप्रिलच्या सुमारास निघणारी भीमगीते आहेत. भीमगीतांची मांडणी विशेष अभ्यासनीय वाटते. गायक समोर पाहून, मुकाबल्याच्या थाटात गातो. मध्ये मध्ये बाबासाहेबांचे छायाचित्र आणि दीक्षाभूमी येते. कीर्तनाचे तिसरे टोक येथे देवाचे नाही, पण रिकामेही नाही. ज्यांस देवळासमोर उभे राहू दिले गेले नाही त्यांच्या वंशजांनी हे टोक स्वतः भरले आहे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा अशा कितीतरी ग्रामीण कलावंतांची जमविलेली मंडळी एका दिवसात विखुरली. त्यांतील पुष्कळांनी दुसरी माध्यमे जवळ केली.

आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहांतील कीर्तनेही आता चित्रित होतात. येथे एक नवी अडचण उभी राहिली आहे. भ्रमणध्वनी उभा धरला म्हणजे चौकट उभी आणि अरुंद होते. लघुचित्रफितींना हीच चौकट लागते. त्या चौकटीत कीर्तनकार डोक्यापासून पायांपर्यंत नीट मावतो. टाळकऱ्यांची आडवी रांग मावत नाही. ती दोन्ही बाजूंनी कापली जाते. पुढे त्या दोन तासांच्या कीर्तनातून एक मिनिटाचा तुकडा निवडतात, आणि निवडला जातो तो बहुधा विनोदी दाखला. कारण अभंगाच्या चरणास आणि गजरास वेळ लागतो. म्हणजे ध्रुवपद गेले, ते धरणारे गेले, संबोधनाचे तिसरे टोक गेले. एक बोलणारा आणि हसणारे अनेक, एवढेच शिल्लक राहते. हे तुकडे लाखो लोक पाहतात, याबद्दल आमची तक्रार नाही. दाखला हाही कीर्तनाचा जुना आणि हक्काचा भाग आहे. पण नामदेवांची स्मृती कीर्तनाने टिकविली हे म्हणणे मान्य केले, तर या चौकटीतून पुढच्या पिढीकडे कोणती स्मृती जाणार, हा प्रश्न टाळता येत नाही. सालोमालोची शैली निवडण्याचे येथे कोणाच्या मनातही नसते. यंत्राच्या रुंदीनेच ती निवडून दिली आहे.

विभागातील जे विद्यार्थी नर्सी, औंढा किंवा अन्य गावी सप्ताहांचे चित्रीकरण करण्यास जातील त्यांनी म्हणूनच एक यंत्र आडवे धरून मंडपाच्या कोपऱ्यात, कीर्तनकार, टाळकरी आणि पहिल्या चार रांगांतील श्रोते एकाच दृश्यात येतील असे ठेवावे आणि कीर्तन संपेपर्यंत ते हलवू नये. दुसरे यंत्र हाती असल्यास ते मृदंग्याच्या हातांकडे रोखावे. गजराच्या वेळी श्रोत्यांपैकी कोण आधी टाळी धरतो, स्त्रियांच्या बाजूस ती किती वेळाने पोचते, टाळकऱ्यांकडे पाहून कोण ताल पकडतो, या नोंदी चित्रीकरण पाहून मागाहून करता येतात; पण त्या रांगा चौकटीत असतील तरच.